नुसतं रबर घासलं, त्याचे पैसे कसले?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरपाशी अर्धा तास उभे राहा, हे वाक्य कानावर पडेलच. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पत्त्यांपुरतं.)

पीसी चालू होत नाही, नुसता बीप वाजतो. कारागीर रॅम काढतो, सोनेरी पट्टी शाळेतल्या खोडरबराने पुसतो, परत बसवतो. झालं! पट्टीवरचा मळ आणि गंज गेला की जोडणी पूर्ववत होते. काम दोन मिनिटांचं, पण बिघाड नेमका तिथेच आहे हे ओळखायला वर्षं गेलेली असतात. गिऱ्हाईक मात्र मिनिटं मोजतं.

पावसाळ्यात हिंदमाता, परळला पाणी भरलं की भिजलेली यंत्रं येतात. लोक घरी आधी बटण दाबून बघतात, आणि तिथेच घात होतो. ओल्या मदरबोर्डात वीज गेली की शॉर्ट होतो, तांबं हिरवं पडत जातं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, वाळवूनही खात्री देता येत नाही. शिव्या कारागिरालाच.

त्यात अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली. तिथे खोडरबर काय करणार? केंद्र सरकारने ‘राइट टु रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. तरी सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा मिळवताना छोट्या दुकानदाराची दमछाक होतेच.

आणि हो, मशीन देण्याआधी बॅकअप घ्या. लग्नाचे फोटो गेल्यावर काउंटरवर रडणारी माणसं मी पाहिली आहेत.