मोटारसायकलची तुटलेली क्लच वायर : घरची दुरुस्ती व तिची मर्यादा

बैलाची वेसण झिजली की शेतकरी ती तुटण्यापूर्वी बदलतो. परंतु मोटारसायकलच्या वायरीकडे ती तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत डेअरीस दूध घालणे, नारायणगाव किंवा मंचरचा बाजार करणे, रात्रीच्या पाळीस पंप चालू करण्यास जाणे, ही सर्व कामे सांप्रत दुचाकीवर होतात. गतवर्षी घोडेगावाहून परतताना दिवेलागणीस कालव्याच्या रस्त्यावर आमच्या गाडीची क्लच वायर तुटली. दोहो बाजूंस उंच ऊस. आणि आमच्या मुलखातील उसात बिबट्याचा वावर असतो, हे वाचकांस सांगावयास नको. गाडी ढकलीत कशीबशी वस्ती गाठली. वास्तविक त्या वायरीचे दोन तंतू महिनाभर आधीच सुटलेले आम्ही पाहिले होते व उद्यावर टाकले होते.

या वायरीची रचना अशी. पोलादी तंतूंचा पीळ दिलेली तार आत, व गुंडाळलेल्या तारेची लवचीक नळी बाहेर. इंग्लंडात अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ साली हिचे पेटंट घेतले. तारेच्या टोकास धातूची गोळी असते, तीस मिस्त्री निपल म्हणतात. लिव्हर दाबताना ही गोळी आपल्या खाचेत फिरली पाहिजे. ती कोरडी पडून अडकली म्हणजे प्रत्येक वेळी तार गोळीच्या मुळाशी वाकते व एकेक तंतू तुटत जातो. म्हणून वायर बहुधा लिव्हरपाशीच तुटते.

चालत्या गाडीत क्लच वायर तुटल्यास घाबरू नये. मूठ सोडून वेग कमी करावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणावी व ब्रेकने कडेस उभी करावी. स्क्रूने आवळण्याची गोळी हत्यारांच्या पिशवीत असल्यास ती तारेवर बसवून घर गाठता येते. मात्र ती केव्हाही सरकू शकते.

घरी पक्का जोड देणे असल्यास क्रम येणेप्रमाणे :

(१) दोन्ही टोकांचे समायोजनाचे नट सैल करावे, म्हणजे आखूड झालेल्या तारेस थोडी लांबी मिळते. ती पुरत नसल्यास जोडाचा नाद सोडावा.

(२) तारेवरील तेल पेट्रोलने उघड्यावर पुसावे. तार पूर्ण सुकून पेट्रोल दूर नेल्यावाचून विस्तव पेटवू नये.

(३) टोकास थोडा डाख, म्हणजे सोल्डर, देऊन मगच ते साफ कापावे; एरवी पीळ उसवतो.

(४) खोलगट तोंडाची पितळी गोळी ओवून, टोकाचा डाख तापवून पुसून काढावा व तंतू फुलाप्रमाणे पसरून त्या खोलगट भागात बसवावे. तंतू सरळ ठेवून दिलेला डाख निसटतो.

(५) जस्त विरघळविलेले तेजाब लावून वितळलेल्या डाखात टोक बुडवावे. तार लाल होऊ देऊ नये; तापलेले पोलाद नरम पडते. निवाल्यावर तेजाब पाण्याने धुऊन तेल द्यावे, नाहीतर आतून गंज चढेल.

(६) गोळी शेगड्यात अडकवून तार सर्व शक्तीने ओढावी. केसभरही सरकल्यास जोड टाकून द्यावा.

वायर बसविल्यावर लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. ढिलाई मुळीच नसल्यास क्लच घसरून जळतो.

आता मर्यादा सांगतो. ब्रेकच्या वायरीस घरचा जोड कदापि देऊ नये. क्लचचा जोड सुटला तर गाडी अडते; ब्रेकचा सुटला तर माणूस जातो. एक्सलेटरच्या वायरीचा सुटलेला तंतू नळीत अडकल्यास मूठ सोडूनही इंजिनाचा वेग उतरत नाही. असे झाल्यास इंजिन बंद करण्याचे बटण तात्काळ दाबावे. या दोन वायरींचा एक तंतू सुटलेला दिसला तरी नवीच घालावी.

नवी क्लच वायर जुनी शाबूत असतानाच आणून तिच्या शेजारून त्याच वाटेने बांधून ठेवावी, व दोन्ही तोंडे पाणी शिरणार नाही अशी झाकावी. दर महिन्यास गोळीस ग्रीस द्यावे. हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून वायरी दाबू नयेत.

आम्ही महसुलाचे दप्तर सांभाळिले आहे. नोंद वेळेवर न केल्यास पुढे किती हेलपाटे पडतात, हे आम्ही नित्य पाहिले. तुटलेला एक तंतू हीही नोंदच होय. ती वाचून त्याच दिवशी तजवीज करावी, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.