नचिकेत : प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे नाव

बारशाचा दिवस जवळ आला, की घरात नावांच्या याद्या फिरू लागतात. मुलाचा जन्म अनुराधा नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाला असेल, तर पंचांगातील अवकहडा चक्र 'ना' हे आद्याक्षर सुचविते आणि व्यवहारात 'न'ही त्यात सामावून घेतला जातो. मग नरेंद्र, नितीन, निखिल यांच्या गर्दीत 'नचिकेत' हे नाव हमखास समोर येते. घरातील कोणाला तरी ते आवडते. त्यानंतर अर्थाचा शोध सुरू होतो आणि नेमकी तिथेच माशी शिंकते. एका पुस्तकात अर्थ दिलेला असतो 'अग्नी', दुसऱ्यात 'वाजश्रवसाचा पुत्र', आणि संस्कृत जाणणारे एखादे आजोबा सांगतात, "शब्दशः अर्थ पाहाल, तर 'न जाणणारा'." त्यातच कोणीतरी आठवण करून देते, की हा तर यमाच्या दारी गेलेला मुलगा. आवडलेले नाव यादीतून खोडण्यास एवढे पुरेसे होते.

ते खोडण्याआधी या तिन्ही अर्थांची थोडी छाननी करायला हवी.

मूळ शब्द 'नचिकेतस्' असा सकारान्त आहे. त्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली फोड 'न' आणि 'चित्' म्हणजे जाणणे, लक्षात येणे या धातूपासून केली जाते. त्यामुळे आजोबांचे म्हणणे खोटे ठरविता येत नाही. मात्र या फोडीतून दोन अर्थ निघू शकतात. एक, ज्याला अजून कळलेले नाही असा. आणि दुसरा, जो सहज ध्यानात येत नाही, ज्याचा थांग लागत नाही असा. व्याकरणाच्या बाजूने शंका निघते ती वेगळीच. संस्कृतात नकारार्थी 'न' व्यंजनापूर्वी बहुधा 'अ' होतो, तेव्हा हे नाव 'अचिकेत' का झाले नाही? परंतु 'नकुल', 'नक्षत्र', 'नपुंसक' या शब्दांतही 'न' तसाच राहिला आहे आणि अशा शब्दांसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. 'नचिकेतस्' त्या यादीत नाही, पण घडण त्याच जातीची दिसते.

'अग्नी' हा अर्थ आला कोठून, याचे उत्तर एका मात्रेत दडले आहे. अग्नीला म्हणतात 'नाचिकेत', नचिकेताच्या नावाने ओळखला जाणारा. कठोपनिषदात यम दुसऱ्या वरात या मुलाला स्वर्ग मिळवून देणाऱ्या अग्नीची विद्या शिकवितो आणि हा अग्नी यापुढे तुझ्याच नावाने ओळखला जाईल, असे वर सांगतो. म्हणजे मुलाला अग्नीचे नाव मिळालेले नाही, अग्नीला मुलाचे मिळाले आहे. नावांच्या पुस्तकांनी काना गाळून दोघांना एक करून टाकले.

तिसरा अर्थ हा अर्थ नव्हेच, ती ओळख आहे. ती समजण्यासाठी गोष्टीकडे वळावे लागते.

कृष्ण यजुर्वेदाच्या कठ शाखेच्या या उपनिषदाचा आरंभ यज्ञमंडपात होतो. सर्वस्व दान करण्याचा संकल्प केलेला वाजश्रवस दानात ज्या गाई देत आहे, त्यांचे चारा-पाणी संपलेले आहे, दूध आटलेले आहे. हे पाहणाऱ्या कोवळ्या मुलाच्या मनात श्रद्धा शिरली, असे उपनिषद म्हणते. सर्वस्व द्यायचे तर त्यात मीही आलो. मग मला कोणाला देणार? तो एकदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. चिडलेला बाप बोलून जातो, "तुला मृत्यूला देतो." मुलगा शब्द पाळतो. यम घरी नसतो. ब्राह्मण अतिथी तीन रात्री अन्नावाचून दारात राहिल्याची भरपाई म्हणून परत आलेला यम तीन वर देऊ करतो.

मुलाचा पहिला वर वाचताना आजच्या आईबापांनी थोडे थांबावे. वडिलांचा राग जावा आणि आपण परत गेल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून प्रेमाने जवळ करावे, एवढेच तो मागतो. ज्याने रागाच्या भरात मृत्यूच्या हवाली केले, त्याच्याचसाठी हा पहिला वर आहे. दुसरा वर अग्नीचा. तिसऱ्या वेळी तो विचारतो, की माणूस मेल्यावर काही उरते की नाही? यमाला हा प्रश्न टाळायचा आहे. तो शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने, हवे तितके आयुष्य देऊ करतो. मुलगा ते नाकारतो. श्रेय आणि प्रेय यांतील फरक, तसेच शरीर हा रथ आणि बुद्धी हा सारथी ही प्रसिद्ध उपमा त्यानंतरच्या यमाच्या उपदेशात येते. सॉमरसेट मॉम याच्या 'द रेझर्स एज' (१९४४) या कादंबरीचे शीर्षकही याच उपदेशातील वस्तऱ्याच्या धारेवरून घेतले आहे.

अशा मुलाच्या संदर्भात 'न जाणणारा' हा शब्द दूषण म्हणून वाचण्याचे कारण उरत नाही. आपल्याला ठाऊक नाही हे ज्याला ठाऊक आहे, तोच विचारतो. आणि यमाच्या दारी जाण्याचे म्हणाल, तर या कथेत मुलगा तेथून परत येण्याची हमी सर्वांत आधी घेतो. नाव अशुभ ठरविणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही.

ही कथा उपनिषदाहून जुनी आहे. तैत्तिरीय ब्राह्मणात ती थोडक्यात येते आणि तिथे तिसरा वर पुन्हा येणाऱ्या मृत्यूवर विजय मिळविण्याचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमाच्या एका सूक्ताचा संबंध सायणाचार्यांनी या मुलाशी जोडला, मात्र सूक्तात त्याचे नाव नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात संदर्भ बदलून गोदानाचे माहात्म्य पुढे येते. नदीकाठी विसरलेल्या वस्तू मुलाने आणल्या नाहीत म्हणून भुकेला बाप शाप देतो, मुलगा निष्प्राण पडतो आणि सकाळी पुन्हा उठून बसतो. पुढे लोककथेने त्याचा 'नासिकेत' करून त्याला थेट नाकातून जन्माला घातले! सदल मिश्र यांचे 'नासिकेतोपाख्यान' हे आरंभीच्या हिंदी गद्यातील पुस्तक याच परंपरेतले. व्युत्पत्ती कळेनाशी झाली, की कथा तिची जागा कशी भरून काढते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

उपनिषदांत मुले आणखीही आहेत. सत्यकाम क्वचित भेटतो, श्वेतकेतू तर बारशाच्या यादीत जवळजवळ नसतोच. मराठी घरांत त्या मानाने रुळला तो नचिकेत. याचे श्रेय अंशतः नादाला द्यावे लागेल. अनिकेत, संकेत, साकेत यांच्या पंगतीत तो सहज बसतो. वस्तुतः 'अनिकेत' म्हणजे ज्याला घर नाही असा आणि 'साकेत' म्हणजे अयोध्या, पण कानाला हे सारे भाऊ वाटतात. त्यातच श्रद्धेचे उदाहरण म्हणून स्वामी विवेकानंद नचिकेताचे नाव वारंवार घेत, त्यामुळे पोथीबाहेरच्या सुशिक्षित वर्गालाही ते परिचित झाले. '२२ जून १८९७' हा चित्रपट जयू पटवर्धन यांच्यासह दिग्दर्शित करणारे वास्तुविशारद नचिकेत पटवर्धन किंवा रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये नेमलेल्या समितीमुळे चर्चेत आलेले अर्थतज्ज्ञ नचिकेत मोर यांच्यामुळे ते वृत्तपत्रांतही वाचनात येत राहिले. तरीही एकाच वर्गात दोन नचिकेत सापडणे विरळाच, आणि पुष्कळ पालकांना हवे असते ते हेच.

१९९९ च्या मे महिन्यात मात्र हे नाव देशभर पोहोचले. कारगिलच्या लढाईत मिग-२७ मधून बाहेर पडावे लागलेले फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता पाकिस्तानच्या हाती लागले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मायदेशी परतले. मृत्यूच्या दारातून परतलेल्या मुलाचेच नाव त्यांना असावे, या योगायोगाची तेव्हा अनेकांना आठवण झाली.

इथे 'नचिकेता' असा आकारान्त उच्चार होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संस्कृतात प्रथमेचे एकवचन 'नचिकेताः', म्हणून बंगाल आणि तेलुगू मुलखात नाव आकारान्त राहिले. बंगाली संगीतकार नचिकेता घोष आणि गायक नचिकेता चक्रवर्ती ही त्याची ठळक उदाहरणे. मराठीने शेवटचा 'आ' सोडून दिला. हिंदीतील 'दुर्वासा' मराठीत 'दुर्वास' होतो, तीच ही रीत. शिवाय आकारान्त नाव मराठी कानाला मुलीचे वाटते, हेही त्यामागे असावे. 'नचिकेता' ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या मराठी पालकांना अर्जांतील 'कुमारी' खोडत बसण्याची तयारी ठेवावी लागेल.

निर्णय घाईने घेण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव दाखल करता येते. दाखल करताना देवनागरीतील नोंद तेवढी काळजीपूर्वक तपासावी. रोमन लिपीत 'न' आणि 'ना' यांसाठी सहसा एकच स्वराक्षर वापरले जाते. त्यामुळे पारपत्रावर मुलगा कोणता आणि अग्नी कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.