नर्सबाई कमी का पडतात? परिचर्या शिक्षणावरचा खर्च आणि आपला पवनी तालुका

आरोग्यसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिला येतो तो डॉक्टर. निबंधातही आपण तेच लिहितो, "गावात डॉक्टर नाही". पण दवाखान्यात चार दिवस भरती राहिलेल्या कोणालाही विचारा, डॉक्टर दिवसातून किती मिनिटं दिसले? बाकीचे तेवीस तास कोणाच्या भरवशावर गेले? सिस्टरच्या. म्हणून आजचा पाठ परिचारिकांवर आहे. त्या कमी का पडतात, त्यांच्या शिक्षणावर सरकारने पैसा लावला तर प्रश्न सुटतो का, आणि लावूनही सुटत नसेल तर तो कुठे अडतो, हे आपण समजून घेऊ.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. पवनी म्हणजे वैनगंगेचा काठ, धानाचा पट्टा, वर गोसीखुर्दचं धरण. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बांधीत, पाळीवर साप निघतात आणि सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. अशा रुग्णाला प्रतिविष सलाइनमधून द्यावं लागतं. आता प्रतिविष लावलं म्हणजे काम संपलं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. त्या औषधाचीच काही जणांना ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब घसरतो. म्हणून पहिले काही तास कोणीतरी खाटेजवळ थांबून नाडी, श्वास, रक्तदाब बघत राहावं लागतं. पापण्या जड होतात का, लघवीचा रंग बदलतो का, हेही बघावं लागतं. हे बघणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. आणि त्याच वेळी बाजूच्या खोलीत एखादी बाई बाळंत होत असेल तर?

इथे गणित करू या. गणिताचा तास नाही, तरी करू या, कारण या विषयात आकडे फार फसवतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत साध्या वॉर्डसाठी ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असं प्रमाण आहे. ऐकायला छान वाटतं, नाही का? एका बाईकडे पाचच रुग्ण! पण हे प्रमाण अख्ख्या दिवसाचं आहे. दिवसात पाळ्या तीन. म्हणजे ३ ला १ याचा अर्थ प्रत्येक पाळीत ९ रुग्णांमागे एक, आणि त्याच हिशेबाने ५ ला १ म्हणजे पाळीत १५ रुग्णांमागे एक. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यासाठी ३० टक्के जास्तीची माणसं धरावी लागतात.

आता ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय घ्या. सार्वजनिक आरोग्याच्या राष्ट्रीय मानकांत (२०१२ च्या आवृत्तीत) एवढ्या रुग्णालयाला १० स्टाफ नर्स सांगितल्या आहेत. प्रत्येकीला आठवड्याची एक सुट्टी धरली तर आठवड्याला ६० पाळ्यांचं काम मिळतं. आठवड्यात पाळ्या २१. म्हणजे एका वेळी तीनसुद्धा पूर्ण भरत नाहीत. दोघी रजेवर गेल्या की एका पाळीला दोघीच. एक प्रसूतिगृहात, एक वॉर्डात. अपघाताचा रुग्ण आला की दोघींपैकी कोणी धावायचं ते त्यांनीच ठरवायचं. लक्षात घ्या, हे सगळी दहाच्या दहा पदं भरलेली असतानाचं चित्र आहे.

पदं भरलेली असतात का? महाराष्ट्राच्या आरोग्य व्यवस्थेवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. मंजूर पदांच्या तुलनेत परिचारिकांची कमतरता साधारण ३५ टक्के असल्याचं त्यात नोंदवलं आहे. आपल्या उदाहरणातल्या दहांमधून ३५ टक्के वजा करा, साडेसहा उरतात. सहा जणी धरा, आठवड्याला ३६ पाळ्या. एकवीसने भागा. एका पाळीला दोघीही नाहीत! कितीतरी रात्री एकटीवर जाणार हे उघड आहे. (ही राज्याची सरासरी आहे. कुठे परिस्थिती बरी असेल, कुठे याहून वाईट.)

भंडारा जिल्ह्याने याची भीषण बाजू पाहिली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. नंतर जी कारवाई झाली त्यात परिचारिकाही होत्या. आग परिचारिकांच्या कमतरतेने लागत नाही, ती यंत्रात आणि वायरिंगमध्ये लागते, एवढं स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण अशा कक्षासाठी ठरवलेला निकष माहीत असावा: प्रत्येक पाळीत ३ ते ४ बाळांमागे १ परिचारिका. म्हणजे १७ बाळांना एका वेळी किमान चार-पाच जणी, त्याही नवजात बाळांच्या देखभालीचं खास प्रशिक्षण घेतलेल्या. अशी परिचारिका कंत्राटाची जाहिरात काढून आठवड्यात मिळत नाही. ती घडवायला वर्षं लागतात.

ती घडते कशी, ते आता बघू.

परिचर्येच्या शिक्षणाच्या मुख्य तीन वाटा आहेत. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात लस टोचणाऱ्या, गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या ताई याच. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची. आणि तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांची पदवी. पहिल्या दोन कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना घेता येतात. बीएस्सीला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं.

मग प्रत्येक तालुक्यात एक नर्सिंग कॉलेज का काढत नाहीत? हा प्रश्न वर्गात हमखास येतो. कारण परिचर्या फळ्यावर शिकवता येत नाही, ती खाटेजवळ शिकावी लागते. जीएनएम आणि बीएस्सीसाठी संस्थेचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, आणि साधारण १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. तीस खाटांच्या जागी हे बसतच नाही. म्हणून पवनीच्या मुलीला पन्नासेक किलोमीटरवर भंडाऱ्याला नाहीतर त्याहून लांब नागपूरला जावं लागतं. आणि दूर जायचं म्हणजे फीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो, राहायचं कुठे आणि खायचं काय. धानावर चालणाऱ्या घरात "मुलगी हुशार आहे, पण खोलीभाडं आणि मेस परवडत नाही" इथेच विषय संपतो. माझ्या मते परिचर्या शिक्षणाच्या निधीची चर्चा कॉलेजच्या इमारतींपाशी जास्त घुटमळते आणि वसतिगृहाच्या ताटापर्यंत पोचत नाही.

हे आपल्या विदर्भाला नवीन नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने एक निधी उभा राहिला. त्यातून देशभर स्त्रियांसाठी रुग्णालयं निघाली आणि स्त्री डॉक्टर, परिचारिका, सुईणी यांच्या शिक्षणाला मदत मिळू लागली. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात शिकलेल्यांपैकी एक म्हणजे कमलाताई होस्पेट. लहान वयात लग्न, लहान वयातच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य घरातल्या कोपऱ्यात संपायचं. त्या परिचर्या शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. एका लहानशा प्रसूतिगृहापासून सुरुवात झाली आणि पुढे संघाच्या शाखा विदर्भभर पसरल्या. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यातही रमाबाई रानडे यांच्या सेवासदनने (स्थापना १९०९) ससून रुग्णालयाच्या मदतीने मुलींना आणि विधवांना परिचर्येचं शिक्षण मिळवून दिलं. नर्सचं काम हलकं समजलं जायचं, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका बाईच्या शिक्षणावर झालेला खर्च किती बाळंतपणांत वसूल झाला, याचा हिशेब कोण मांडणार!

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणं पाहा, ती एकमेकांच्या उलट आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत परिचारिका कमी पडल्या. १९४३ मध्ये तिथल्या संसदेने बोल्टन कायदा केला. फी, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं, वर दरमहा विद्यावेतन. अट एकच, युद्ध संपेपर्यंत परिचर्येचं काम करायचं. मुलींची रांग लागली. या योजनेतून १ लाख २० हजारांहून जास्त परिचारिका शिकून बाहेर पडल्या. दुसरीकडे इंग्लंडने २०१७ मध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्यांना मिळणारं अनुदान बंद केलं आणि कर्ज काढून शिका म्हणून सांगितलं. पहिल्याच वर्षी अर्ज जवळजवळ पाव हिश्शाने घटले. शेवटी २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांची मदत पुन्हा सुरू करावी लागली.

आपल्या देशात काय चाललंय? २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर केली. २०१४ नंतर उभ्या राहिलेल्या १५७ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती काढायची. त्या यादीत आपल्या शेजारचं गोंदिया येतं. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे प्रत्येकी १० कोटी, आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका वाढतील असं सांगितलं. भागाकार केला तर एका जागेमागे १० लाखांचा भांडवली खर्च येतो. ती जागा २० वर्षं चालली तर एका परिचारिकेमागे ५० हजार. स्वस्तच म्हणायचं. शिक्षकांचे पगार वेगळे, आणि ते दरमहा लागतात. इमारतीची फीत एकदाच कापतात, पगाराचं बिल कायम राहतं. त्यामुळे सरकारं इमारतीला लवकर तयार होतात, शिक्षक भरायला उशीर लावतात.

वेळेचाही हिशेब करा. बांधकामाला २४ महिने धरले होते. म्हणजे पहिली तुकडी २०२५ ला आत, आणि चार वर्षांनी २०२९ ला बाहेर. आज पैसा ओतला तर सहा वर्षांनी नर्स मिळते. कमतरता दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही तो यामुळेच.

आता खरा अवघड भाग. शिकलेली परिचारिका पवनीत येते का? बऱ्याचदा नाही. सरकारी पद रिकामं असतं, पण भरती निघत नाही. निघाली तर अकरा महिन्यांच्या कंत्राटाची. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका याच कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या. खासगी रुग्णालयात पगार तुटपुंजा. मग मुलगी नागपूरहून पुण्याला, पुण्याहून आखाती देशात, नाहीतर आता जर्मनीला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. जिने स्वतःच्या हिमतीवर शिकून तिकडे नोकरी मिळवली तिला कोण नावं ठेवणार? पण इकडे पस्तीस टक्के जागा रिकाम्या आणि तिकडे करार, हे दोन कागद शेजारी ठेवले की विसंगती दिसते. कमतरता साऱ्या जगात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात ती ५८ लाखांची सांगितली आहे. म्हणजे आपली परिचारिका ओढून न्यायला सगळेच टपलेले आहेत.

म्हणून नुसत्या जागा वाढवून भागत नाही. खेड्यात टिकणारे आरोग्य कर्मचारी हवे असतील तर खेड्यातलेच विद्यार्थी निवडा आणि शिष्यवृत्तीला ठरावीक वर्षांच्या सेवेची अट जोडा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून केली आहे. मला हे आपल्या तालुक्याला अगदी लागू वाटतं. आसगाव, कोंढा, भुयार, चिचाळ अशा गावांतल्या मुलींचा शिक्षणासोबत राहण्या-खाण्याचा खर्च उचलायचा आणि तीन-चार वर्षं तालुक्यातच काम करण्याची हमी घ्यायची. पण हमी दोन्ही बाजूंनी हवी. तिने परत यायचं, आणि आल्यावर तिला कायम पद आणि राहायला क्वार्टर मिळायला हवं. अट फक्त मुलीवर आणि पद मात्र कंत्राटी, असं केलं तर दंड भरून ती निघून जाईल, आणि बरोबरच करेल.

बारावीतल्या मुलामुलींसाठी (हो, मुलग्यांसाठीही, जीएनएम आणि बीएस्सीला मुलगे जाऊ शकतात) कामाचं तेवढं सांगतो. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहेच. राहण्या-खाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची पात्रता बघा, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला गेलात तर सेतू केंद्रात रांग लागलेली असते, आधीच काढून ठेवा.

आणि प्रवेशाची पावती फाडण्याआधी एक गोष्ट नक्की करा. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे बोर्ड गावोगावी लागतात. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेणार आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे यादीत स्वतः डोळ्यांनी बघा. परिषदेत नोंदणी झाली नाही तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच, सरकारी रुग्णालयात त्यावर नोकरी मिळत नाही.