वाडवडिलांची जमीन आणि तुमची प्रयोगवही

तुमची प्रयोगवही दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला समजेल का? रोथमस्टेडबद्दल वाचताना मला हाच प्रश्न पडला. ही इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरची, एका जमीनदार घराण्याची इस्टेट. तिचे वारसदार जॉन बेनेट लॉज यांनी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांच्यासोबत १८४३ मध्ये गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. कुठल्या पट्ट्याला कोणतं खत, उत्पन्न किती, हे दरवर्षी लिहून ठेवलं. १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे आले, ते याच साठलेल्या नोंदी तपासायला. आपण वापरतो ती ‘अनोव्हा’ पद्धत त्यांनी तिथेच घडवली. गव्हाचा तो प्रयोग अजून चालू आहे. तेव्हा तारीख आणि एकक लिहायचा कंटाळा करू नका. तुमचा फिशर कदाचित अजून जन्मायचा असेल!