‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी

भर उन्हाळ्यात एसी बंद पडला की दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या तोंडून हमखास एक वाक्य ऐकू येते : ‘बोर्ड गेलाय.’ घरच्यांच्या दृष्टीने चर्चा तिथेच संपते. बोर्ड कशाने गेला, खरोखरच गेला आहे का, हे विचारायचे कुणाला सुचत नाही, कारण त्यातले आपल्याला काही कळणार नाही अशी आपण खूणगाठच बांधलेली असते. नव्या बोर्डाची किंमत ऐकून काही घरांत एसीच बदलायचा विचार सुरू होतो आणि धडधाकट कॉम्प्रेसर, शाबूत नळ्या आणि पुरेसा गॅस असलेले यंत्र भंगारात जाते. माझे म्हणणे असे, की बोर्ड बदलणे हे एसीच्या दुरुस्तीतल्या सोप्या कामांपैकी एक आहे. अवघड आहे ते बोर्डच बिघडला आहे हे ठरवणे. हे निदान घरातल्या माणसाला जमायला हवे. ते जमले, की बदलण्याचे काम स्वतः करायचे की जाणकारावर सोपवायचे, हे यंत्राची जात पाहून ठरवता येते.

आधी साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी घेऊ. त्याची बुद्धी, म्हणजे बोर्ड, घरातल्या युनिटमध्ये, बहुधा उजव्या बाजूच्या प्लास्टिकच्या खोक्यात असते. 230 व्होल्टची वीज तिथे येते, फ्यूजमधून जाते आणि तिच्यापासून 12 आणि 5 व्होल्टचा कमी दाबाचा पुरवठा तयार होतो. 5 व्होल्टवर मायक्रोकंट्रोलर चालतो, 12 व्होल्टवर रिले आणि झडप हलवणारी छोटी मोटर. दोन सेन्सर त्याला तापमान कळवतात, एक खोलीचे आणि एक कॉइलचे. खोली पुरेशी गार झाली नसेल तर बोर्ड रिले ओढतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि बाहेरच्या युनिटला वीज मिळते. बाहेर असतात कॉम्प्रेसर, पंखा आणि त्यांचे कपॅसिटर. एवढाच हा कारभार. तो डोळ्यांसमोर ठेवला की बिघाड शोधण्याची वाट सापडते : ‘टक्’ आवाज आला, बाहेर वीजही पोहोचली आणि तरी कॉम्प्रेसर नुसता गूं गूं करून थांबतो आहे, तर पहिला संशय बोर्डावर घेण्याचे कारणच नाही. तो घ्यावा कपॅसिटरवर, जो बोर्डाच्या तुलनेत फारच स्वस्त असतो.

बोर्डाच्या नावावर खपणारे असे बिघाड बरेच आहेत. सर्वांत फसवा सेन्सरचा. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. अनेक यंत्रांत तो 25 अंशांना 10 किलोओहमचा असतो, काहींत 5, 15 किंवा 20 चा. तो ओलाव्याने बिघडला की बोर्डाला खोली आहे त्यापेक्षा खूप गार भासते आणि तो कॉम्प्रेसर लावतच नाही. बोर्डाने दिलेला हुकूम त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच असतो. तपासणी सोपी आहे. सेन्सरचा जोड बोर्डावरून काढायचा, मल्टिमीटर लावायचा आणि सेन्सरचे टोक बर्फाच्या पाण्यात धरायचे. 10 किलोओहमचा सेन्सर 30 किलोओहमच्या थोडे वर जातो. मग कोमट पाण्यात धरला की आकडा सलग खाली उतरत यायला हवा. मध्येच उड्या मारत असेल किंवा हलतच नसेल, तर दोषी सापडला. पंख्याच्या मोटरचेही तसेच. तिच्या आतला हॉल सेन्सर फिरण्याची खबर बोर्डाला देतो. ती बंद झाली की बोर्ड धडधाकट असूनही पंखा थांबवतो आणि बिघाडाचा संकेतांक दाखवतो. दोन युनिटांमधली सुटलेली वायर, गंजलेला जोड, मुंग्यांनी भरलेला रिले हेही त्याच यादीतले. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत जोड हिरवे पडतात, आणि बाहेरच्या युनिटमध्ये शिरलेली पाल दोन टोकांवर चिकटून स्वतः मरते आणि बोर्डही घेऊन जाते.

एवढे सगळे पाहूनही संशय बोर्डावरच ठरला, तर साध्या एसीच्या आतल्या युनिटचा बोर्ड घरचा सावध माणूस बदलू शकतो, असे मी म्हणेन. गॅसच्या नळ्यांशी या कामाचा संबंधच नाही; एकही नट सैल करावा लागत नाही. एमसीबी पाडायचा, प्लग असेल तर तोही काढायचा, कुणी अनवधानाने वर करू नये म्हणून एमसीबीवर चिकटपट्टी लावायची आणि वीज खरोखर नाही याची मल्टिमीटरने खात्री करायची. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये. एकही वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावेत, आणि फोटोत प्रत्येक जोडाचा रंग व जागा वाचता यावी इतक्या जवळून. जोड वायरला धरून ओढायचा नाही, त्याची खिट्टी दाबून त्याच्या अंगाला धरून काढायचा. नवा बोर्ड आणताना मॉडेलचे नाव पुरत नाही. जुन्या बोर्डावर छापलेला क्रमांक जुळवावा लागतो, आणि दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून जंपर व छोटे स्विचही पाहावे लागतात, कारण एकच बोर्ड एक टनाला आणि दीड टनाला वेगळ्या मांडणीने लावलेला असतो. कॉइलचा सेन्सर त्याच्या तांब्याच्या खोबणीत पूर्ण आत बसला पाहिजे. तो बाहेर लोंबकळत राहिला तर कॉइलवर बर्फ धरला तरी बोर्डाला त्याचा पत्ता लागत नाही.

इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमधला बोर्ड मात्र घरी उघडू नये. तिथे घरची वीज आधी एकदिश होते, 325 ते साधारण 390 व्होल्टपर्यंत चढते आणि पॉवर मॉड्यूल तिच्यातून कॉम्प्रेसरसाठी त्रिफेज वीज घडवते. हा दाब मोठ्या कपॅसिटरांत साठतो. 1500 मायक्रोफॅरडचा साठा 325 व्होल्टला धरला तर ती ऊर्जा सुमारे 79 ज्यूल होते, आणि वीज बंद केल्यावरही ती काही काळ तिथेच असते. शिवाय अशा बऱ्याच बोर्डांवर कमी दाबाची बाजूही मेनपासून विलग नसते, त्यामुळे ‘5 व्होल्ट आहे, काय होणार?’ हा हिशेब तिथे जीव घेऊ शकतो. आणि जीव वाचला तरी पैसे वाचतीलच असे नाही. मॉड्यूल जळण्याचे कारण कॉम्प्रेसरच्या गुंडाळीत असेल तर नवा बोर्ड लावताक्षणी जळतो. गुंडाळीच्या तिन्ही टोकांमधला रोध सारखा आहे का, गुंडाळी कॉम्प्रेसरच्या अंगाशी जोडली गेली आहे का, हे आधी पाहावे लागते. मॉड्यूल आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नीट पसरली नसेल, तर बोर्ड थोड्याच दिवसांत तापून जातो. हे काम आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या आणि वर अनुभव घेतलेल्या हातांचे आहे.

आक्षेप घेतला जाईल, की मग सामान्य माणसाने साध्या एसीतही हात का घालावा? युरोपीय संघाने 2021 पासून फ्रिजचे सुटे भाग सात वर्षे मिळण्याची सक्ती केली, तेव्हा दरवाजाच्या मुठी, बिजागऱ्या, ट्रे ग्राहकालाही द्यायला लावले, पण सर्किट बोर्ड आणि तापमानाचे सेन्सर फक्त व्यावसायिक दुरुस्तीकारांसाठी ठेवले. हा आक्षेप वजनदार आहे. पण सेन्सर आणि पॉवर बोर्ड एकाच पारड्यात टाकणे मला पटत नाही. बोर्डावरून सुटा केलेला सेन्सर कपभर पाण्यात तपासण्यात विजेचा धोका नाही, आणि बोर्डाचा निम्मा संशय तिथेच फिटतो. रेषा ओढायची तर साठलेल्या विजेपाशी ओढावी. दुसरा आक्षेप वॉरंटीचा, आणि तो पूर्ण मान्य. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा आणि बोर्डावर काही वर्षांची हमी देतात. ती चालू असेपर्यंत झाकणाचा स्क्रूसुद्धा फिरवू नये. कार्ड शोधावे आणि लेखी तक्रार नोंदवावी. राहिला प्रश्न कारागिराच्या पोटाचा. ज्याला काम येते त्याचे शहाण्या गिऱ्हाइकामुळे नुकसान होत नाही. ‘रिले ओढतोय, बाहेर 230 येताहेत, कॉम्प्रेसर उठत नाही’ एवढे फोनवर सांगणाऱ्या घरी तो योग्य कपॅसिटर खिशात घालूनच येतो आणि त्याची एक खेप वाचते.

बाजारात रिमोटसकट मिळणारे बोर्डाचे ‘युनिव्हर्सल किट’ हा स्वस्त मार्ग साध्या एसीला चालतो, इन्व्हर्टरला नाही. त्यातही कॉइलचा सेन्सर नसलेले किट घेऊ नये, कारण बर्फ धरण्यापासूनचे संरक्षण त्याच्यावर अवलंबून असते. आणि कोणताही बोर्ड लावण्याआधी जुना कशाने गेला हे कळायलाच हवे. फ्यूजशेजारची निळी वा काळी गोल चकती, म्हणजे व्हेरिस्टर, फुटलेली दिसली तर विजेचा दाब चढला होता. इमारतीचा न्यूट्रल सैल होऊन असे झाले असेल, तर आधी वायरमनला बोलवायचे, बोर्ड नंतर.

खरी अडचण पुढेच आहे : बोर्डाची माहिती आणि सुटे भाग मिळणे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात घरगुती उपकरणे आहेत. पण तिथे कंपनीचा संपर्क आणि वॉरंटीच्या अटी मिळून भागत नाही. मॉडेलनिहाय बोर्डाचा क्रमांक, सेन्सर किती किलोओहमचा आणि संकेतांकांचा अर्थ, या तीन गोष्टींची माहिती प्रत्येक कंपनीने उघड द्यावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. बोर्ड कुणीही बदलला तरी जुना परत मागून घ्यावा. पैसे आपण दिलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत. फ्यूज, व्हेरिस्टर, फुगलेला कपॅसिटर किंवा चिकटलेला रिले बदलून तो पुन्हा चालू शकतो, आणि नाहीच चालला तर तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावा.