संगणकातील हट्टी फायली

मुद्रक, पडदा, ध्वनिवर्धक ही संगणकाला जोडलेली साधने निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. त्या प्रत्येकाची भाषा संगणकाच्या कार्यप्रणालीस अवगत नसते. म्हणून साधन व प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी एक आज्ञावली लागते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. विंडोज प्रणालीत अशा फाइलीच्या नावास बहुधा 'सिस' हे शेपूट असते. पुष्कळसे ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे 'कर्नल'मध्ये चालतात. सामान्य आज्ञावली बिघडली तर ती एकटी बंद पडते; गाभ्यात गंभीर चूक झाली तर मात्र पुढील हानी टाळण्यासाठी प्रणाली सर्वच काम थांबविते.

फाइल हटत का नाही?

याची कारणे मुख्यतः तीन आहेत. एक, फाइल वापरात असते. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत ती तोडू न देण्याचा शहाणपणा प्रणाली दाखविते. दोन, तिची मालकी प्रणालीकडे असल्यामुळे सामान्य वापरकर्त्यास ती पुसण्याचा अधिकार नसतो. तीन, विंडोज ड्रायव्हरची एक प्रत आपल्या कोठारात जपून ठेवते. त्यामुळे काढलेला ड्रायव्हर साधन पुन्हा ओळखले जाताच परत येतो.

एका फाइलीचा उत्पात

अशी फाइल काढण्याचा प्रसंग १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगावर ओढवला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक नवी माहिती-फाइल पाठविली. तिचे शेपूट 'सिस' असले तरी ती स्वतः ड्रायव्हर नव्हती. गाभ्यातील ड्रायव्हर ती वाचीत असे. तिच्यातील सूचनेनुसार एकविसावे मूल्य तपासावयाचे होते. प्रत्यक्षात मूल्ये वीसच पुरविली जात होती. ड्रायव्हरने स्मृतीच्या हद्दीबाहेर वाचन केले आणि यंत्रे कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांची संख्या सुमारे ८५ लाख होती. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे काम खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली.

सदोष फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. परंतु कोसळलेले यंत्र सुरू होताच तीच फाइल वाची व पुन्हा कोसळे. दुरुस्ती स्वीकारण्याइतकी उसंत बहुतेकांना मिळेना. रोग्यास औषध गिळताच येऊ नये, तशी ही अवस्था होती.

उपाय

उपाय साधाच होता. 'सेफ मोड'मध्ये विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन सुरू होते. त्या अवस्थेत 'सिस्टिम ३२' मधील 'ड्रायव्हर्स' या कप्प्यातील 'क्राउडस्ट्राइक' या उपकप्प्यात जाऊन, 'सी-०००००२९१' या अक्षरांनी आरंभ होणारी फाइल पुसून यंत्र पुन्हा चालू करावयाचे. मात्र हे काम बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी बसूनच करावे लागले. ज्यांची तबकडी 'बिटलॉकर'ने कुलूपबंद होती, तेथे आधी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली शोधावी लागली. २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के यंत्रे पूर्ववत झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

घरच्या संगणकावर

घरच्या संगणकावरील नको असलेला ड्रायव्हर काढताना थेट फाइलीवर हात टाकू नये. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी व पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घ्यावी. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मधून साधन काढावे आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी, म्हणजे कोठारातील प्रतही जाते. यानेही काम न झाल्यास सेफ मोडचा आश्रय घ्यावा. ज्या फाइलीचे नाव व काम निश्चित ठाऊक नाही, ती मात्र पुसू नये. तिच्याच आधारावर यंत्र सुरू होत असण्याचा संभव असतो.