एक लिटर पेट्रोल गेलं कुठं?

दोस्तांनो, आधी एक सोपं गणित. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला की आलं गडचिरोली! अंतर साधारण ८० किलोमीटर. एका गाडीनं लिटरला १६ किलोमीटर दिले, म्हणजे पेट्रोल लागलं ५ लिटर. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच रस्ता. पण तिनं दिले लिटरला २० किलोमीटर. लागलं ४ लिटर! मग पहिल्या दिवशीचं ते एक लिटर गेलं कुठं? टाकीला भोक तर नव्हतं!

ते गेलं चालवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली.

मूलच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जंगल लागतं. बाबांना घाई असते. गाडी ८०च्या पुढे जाते आणि तेवढ्यात समोर चितळांचा कळप! बाबा कचकन ब्रेक दाबतात. "वाचलो बुवा!" (चितळं दर वेळी वाचतातच असं नाही, बरं का.) आता बघा, गाडीला तो वेग पेट्रोल जाळूनच मिळाला होता. ब्रेक लागताच त्या वेगाची झाली उष्णता, आणि ती गेली हवेत. पुन्हा वेग घ्यायचा तर पुन्हा पेट्रोल. गावागावांतल्या गतिरोधकांपाशी हेच होतं. नजर लांबवर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढला, तर ब्रेक फारसा लागतच नाही.

दुसरा चोर म्हणजे हवा. सायकलवर समोरून वारा आला की कशी दमछाक होते? गाडीचंही तसंच. ताशी ६०ऐवजी ८०च्या वेगानं गेलं, की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. ६०नं गेल्यास गडचिरोलीला फार तर २० मिनिटं उशीर होईल. जंगलाच्या रस्त्यावर तो झालेलाच बरा.

चाकांतली हवा मात्र हवीच! ती कमी असेल तर टायर दबतो आणि इंजिनाला जास्त ओढावं लागतं. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. रेल्वे फाटक बंद असेल तर इंजिनही बंद. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची काहींची सवय असते, तीही चुकीचीच. आजकालच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून पाय काढला, की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास थांबतं. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो.

पटत नाही? मग करून बघा. टाकी पूर्ण भरून घ्या आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरा. मधले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. पहिल्या टाकीला बाबांना काही सांगू नका. नेहमीसारखी चालवू द्या. दुसऱ्या टाकीच्या आधी हा लेख त्यांना वाचायला द्या.